पहिल्या आकड्याचा नांगर

बाजारात लुगडे घ्यावयास गेलेली गृहिणी आणि न्यायासनावर बसून अपराध्याला शिक्षा फर्मावणारा न्यायाधीश या दोघांत साम्य ते काय असावे, असा प्रश्न कोणी केला तर तो आपणांस चमत्कारिक वाटेल. एकीला चार पैसे वाचवावयाचे असतात. दुसऱ्याच्या हाती कोणाच्या तरी आयुष्याचे महिने आणि वर्षे असतात. तथापि दोघांनाही करावयाचे काम एकच आहे. ज्या वस्तूला स्वभावतः आकडा चिकटलेला नाही, तिला आकडा लावावयाचा. लुगड्याचा पोत, रंग आणि टिकाऊपणा यांचे रूपांतर रुपयांत करावयाचे. अपराधाच्या गांभीर्याचे रूपांतर महिन्यांत करावयाचे. हे रूपांतर चालू असताना दुसऱ्या कोणी आधी उच्चारलेला आकडा मनाला आपल्याकडे कसा ओढून घेतो, आणि त्यापासून शहाण्यासुरत्या माणसाचीही सुटका का होत नाही, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मानसशास्त्रात या प्रकाराला ‘अँकरिंग’ असे नाव आहे. अँकर म्हणजे गलबताचा नांगर. गोव्याच्या किंवा कोकणाच्या किनाऱ्यावर ज्यांनी नांगरलेली गलबते पाहिली असतील, त्यांना हे नाव किती समर्पक आहे ते लगेच ध्यानी येईल. नांगरलेले गलबत काही अगदी खिळल्यासारखे उभे नसते. भरती आली की ते एका अंगाला वळते, वारा फिरला की दुसऱ्या अंगाला झुकते. दुरून पाहणाऱ्याला ते मोकळेच आहे असे वाटावे. परंतु त्याचे सारे हिंडणेफिरणे साखळीच्या लांबीइतके असते. आपल्या मनाचेही असेच होते. पहिला आकडा कानी पडला की आपण त्याच्यापासून दूर जातो, घासाघीस करतो, वर किंवा खाली सरकतो, आणि आपण स्वतंत्र विचार केला असे समाधान मानतो. साखळी मात्र पाण्याखाली असते, म्हणून दिसत नाही.

एक लहानसा प्रयोग आपण घरच्या घरी करून पाहू शकाल. घरातील एका मुलाला विचारा, ‘एक गुणिले दोन गुणिले तीन असे करीत आठापर्यंत गुणले तर उत्तर सुमारे किती येईल?’ दुसऱ्याला, पहिल्याच्या अपरोक्ष, तोच गुणाकार उलट क्रमाने विचारा, ‘आठ गुणिले सात गुणिले सहा असे करीत एकापर्यंत?’ दोघांनाही पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ देऊ नका. गुणाकार एकच आहे, तेव्हा अंदाजही जवळपास सारखेच यावयास हवेत. डॅनियल काह्नेमन आणि अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न शाळकरी विद्यार्थ्यांना घातला, तेव्हा लहान आकड्यापासून आरंभ करणाऱ्यांचा मध्यम अंदाज ५१२ आला आणि मोठ्या आकड्यापासून आरंभ करणाऱ्यांचा २,२५०. खरे उत्तर आहे ४०,३२०. पाच सेकंदांत दोनतीन पायऱ्या चढून मन तेथून पुढे झेप घेते, परंतु जेथून निघाले त्या पायरीचा भार घेऊनच झेप घेते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी तोकडी पडली. आणि जे खालून निघाले त्यांची अधिकच तोकडी पडली.

याच दोघांचा याहून प्रसिद्ध असा प्रयोग १९७४ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकातील त्यांच्या लेखात आला. जत्रेत असते तसे एक नशिबाचे चक्र. त्यावर शून्यापासून शंभरापर्यंतचे आकडे. चक्र समोर फिरवावयाचे आणि ते थांबले की विचारावयाचे, ‘संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांत आफ्रिकी देशांचे शेकडा प्रमाण या आकड्याहून अधिक आहे की कमी? आणि तुमच्या मते ते नेमके किती?’ चक्राची रचना अशी केलेली होती की ते दहावर किंवा पासष्टावरच थांबावे. ज्यांच्यासमोर दहाचा आकडा आला, त्यांचा मध्यम अंदाज शेकडा २५. ज्यांच्यासमोर पासष्ट आला, त्यांचा शेकडा ४५. जत्रेतल्या चक्राला संयुक्त राष्ट्रसंघाची काय माहिती असणार? हे तर प्रत्येकाला कळत होते. उत्तर अचूक आल्यास पैसे देऊ, असे सांगूनही हा परिणाम कमी झाला नाही. आजमितीस १९३ सभासदांपैकी ५४ आफ्रिकी आहेत, म्हणजे सुमारे २८ टक्के, हे जाता जाता सांगून ठेवतो. ट्व्हर्स्की १९९६ साली निवर्तले. काह्नेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ साली तेही गेले.

आपल्याला अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण जर्मनीतून येते. १९९७ साली फ्रिट्झ श्ट्राक आणि थॉमस मुसवायलर यांनी महात्मा गांधींविषयी एक प्रश्न विचारला. काहींना विचारले, ‘गांधींचे निधन वयाच्या नवव्या वर्षाच्या आधी झाले की नंतर?’ काहींना विचारले, ‘एकशेचाळिसाव्या वर्षाच्या आधी झाले की नंतर?’ दोन्ही प्रश्न उघडउघड वेडगळ आहेत. नवव्या वर्षी कोणी राष्ट्राचा नेता होत नाही आणि एकशेचाळीस वर्षे कोणी जगत नाही. ऐकणाऱ्यांनी दोन्ही आकडे अर्थातच टाकून दिले. त्यानंतर त्यांना विचारले, ‘मग ते किती वर्षे जगले असतील?’ पहिल्या गटाची सरासरी पन्नासाच्या जवळ आली, दुसऱ्या गटाची सदुसष्टाच्या. २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेले गांधीजी ३० जानेवारी १९४८ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी गेले, हे आपल्याकडील शाळकरी मुलालाही सांगता येईल. ज्याला नक्की ठाऊक आहे त्याला असा नांगर लागत नाही. परंतु ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या मनाने टाकून दिलेला आकडाही आपला ठसा उमटवूनच बाहेर गेला.

हे घडते कसे? याची दोन उत्तरे दिली जातात, आणि ती एकमेकांना मारक नसून पूरक आहेत. पहिले उत्तर असे की मन आरंभबिंदूपासून हळूहळू सरकते आणि ‘आता हे संभाव्य दिसते’ असे वाटू लागल्याबरोबर थांबते. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे अध्यक्ष केव्हा निवडले गेले, असे विचारले असता अमेरिकन मनुष्य १७७६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वर्ष धरतो, त्याच्या पुढे थोडा सरकतो, आणि १७८९ या खऱ्या वर्षापर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो. येथे आकडा दुसऱ्याने दिलेला नाही. त्याने तो स्वतःच शोधून काढलेला आहे. तरी चाल अपुरी पडते, कारण संभाव्यतेच्या प्रदेशाची पहिली वेस लागली की मनाला पुढे जाण्याचे श्रम नकोसे होतात.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. प्रश्न कितीही खोटा असला तरी तो समजून घेण्यासाठी मनाला तो क्षणभर खरा मानून पाहावा लागतो. ‘एकशेचाळीस वर्षांचे गांधी’ म्हटल्याबरोबर काठी टेकीत चालणारे ते कृश वृद्ध रूप डोळ्यांपुढे उभे राहते. ‘नऊ वर्षांचे’ म्हटल्याबरोबर ते रूप मागे सरते. आकडा आपण नाकारतो, पण त्याने जागी केलेली चित्रे नाकारीत नाही; आणि पुढचा अंदाज त्या चित्रांतूनच घडतो. आकडा म्हणजे नुसती संख्या नव्हे. तो एक प्रकारचा हुजऱ्या आहे. स्मृतीच्या दरबारात कोणते साक्षीदार आधी हजर करावयाचे हे तो ठरवितो. साक्षीदार खोटे बोलत नाहीत, परंतु ते सारे एकाच बाजूचे असतात.

आपण म्हणाल, अज्ञानात असे होत असेल, जाणत्याला ही बाधा होणार नाही. दुर्दैवाने अनुभव तसा नाही. १९८७ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी घरांच्या खरेदीविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या दलालांना एक खरेखुरे घर प्रत्यक्ष दाखविले, घराविषयीची सविस्तर लेखी माहिती हाती दिली आणि योग्य किंमत ठरविण्यास सांगितले. माहिती सर्वांना एकच. फरक इतकाच की मालकाची मागणी म्हणून काहींच्या कागदावर कमी रक्कम लिहिली होती, काहींच्या अधिक. दलालांचे अंदाज मागणीमागोमाग गेले. ज्यांना या व्यवसायाचा गंधही नव्हता अशा विद्यार्थ्यांचे जवळजवळ जितके गेले तितकेच. भेद होता तो निराळाच. विद्यार्थी कबूल करीत होते की मागणीच्या रकमेकडे आमचे लक्ष गेले. दलाल मात्र ठामपणे सांगत होते की आम्ही ती विचारात घेतलीच नाही. अनुभवाने त्यांना नांगरातून सोडविले नव्हते, केवळ नांगर नाही अशी खात्री दिली होती.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग न्यायाच्या क्षेत्रातील आहे. महाभारतात फाशांच्या एका दानावर राज्य गेले, ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. बिर्टे एंगलिश, मुसवायलर आणि श्ट्राक या जर्मन संशोधकांनी २००६ साली फासेच विधिज्ञांच्या हाती दिले. एका दुकानातील चोरीच्या खटल्याची हकीकत त्यांना वाचावयास दिली. मग दोन फासे टाकून येणारी बेरीज ही सरकारी पक्षाची मागणी समजा, असे सांगितले. फासे असे केलेले होते की बेरीज तीन तरी यावी किंवा नऊ तरी. शिक्षा त्या आकड्याहून अधिक असावी की कमी, आणि नेमकी किती महिने, असे विचारले. तिनाचे दान पडलेल्यांनी सरासरी सुमारे पाच महिने सांगितले, नवाचे दान पडलेल्यांनी सुमारे आठ. खटला तोच, कायदा तोच, आणि फासे आपल्याच हाताने टाकलेले. तीन महिन्यांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. कोठडीतल्या मनुष्याला आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घराला तो लहान वाटत नसेल. अर्थात हा प्रयोग होता, प्रत्यक्ष न्यायालय नव्हे. प्रत्यक्षात पुरावा, युक्तिवाद आणि अपील यांचे कुंपण असते. तरीही प्रथम मागणी करण्याचा हक्क एका पक्षाला असणे, ही केवळ रीतीची बाब नाही, एवढे यावरून दिसून येते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, कारण मानसशास्त्रातील पुष्कळ गाजलेले निष्कर्ष अलीकडे पुन्हा तपासले गेले आणि त्यांतले काही गळाले. नांगराचा मूळ परिणाम या तपासणीत उत्तम टिकला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात छत्तीस ठिकाणी, सहा हजारांहून अधिक लोकांवर हे प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा परिणाम मुळापेक्षा सौम्य नव्हे, उलट अधिकच ठळक आढळला. परंतु त्याच्या भोवतीच्या सर्व कथा सारख्या बळकट नाहीत. २००३ साली अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांना त्यांच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे दोन अंक लिहावयास लावून मग वस्तूंची बोली विचारली, तेव्हा मोठे अंक असणाऱ्यांनी संगणकाच्या एका कळफलकाला सुमारे ५६ डॉलर देऊ केले आणि लहान अंक असणाऱ्यांनी सुमारे १६. पण पुढे इतरांनी अशाच धर्तीचे प्रयोग केले तेव्हा परिणाम पुष्कळच सौम्य निघाला. त्याचप्रमाणे, आजूबाजूला सहज नजरेस पडलेला आकडाही निर्णय वाकवितो, या समजुतीला २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत फारसा पुरावा सापडला नाही. सारांश, जो आकडा आपण प्रश्नाच्या संदर्भात हाती घेऊन तोलून पाहतो तो बांधतो. भिंतीवरच्या प्रत्येक आकड्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आणि प्रत्येक पहिला आकडा वैरी असतो, असेही नाही. प्रामाणिक दुकानदाराने सांगितलेल्या भावात खरी माहिती असते. जाणत्या वैद्याच्या पहिल्या अंदाजालाही वजन असावे हे उचितच. अज्ञात प्रदेशात कोणीतरी दाखविलेली खूण धरून चालणे हे शहाणपणच आहे. दोष इतकाच की मन खरी खूण आणि चक्रावरचा आकडा यांत पुरेसा भेद करीत नाही.

हा भेद न करण्याची किंमत कोण देतो? बहुधा ज्याला दुसऱ्याने बोललेल्या आकड्यावर उत्तर द्यावे लागते तो. दुकानात ‘दोन हजार’ हे शब्द खोडून खाली ‘९९९’ लिहिलेले असते. खोडलेला आकडा आपले काम खोडल्यानंतरच सुरू करतो. आपण ‘एक हजार एक रुपये वाचले’ असा हिशेब करतो. ‘ही वस्तू मला कितीला हवी होती?’ हा प्रश्न मागे पडतो. वेष्टनावर कमाल किंमत छापलेली असते ती ग्राहकाच्या रक्षणासाठी, त्याहून अधिक कोणी घेऊ नये म्हणून. परंतु तीच मोठी छापून मग तिच्यावर सूट दिली की रक्षणाचे साधनच आमिष होते. घासाघिशीत आठशेचे पाचशे करून आणणारी गृहिणी जिंकून घरी येते. आठशे हा आकडा कोणी आणि कशासाठी उच्चारला, हे तिला कोणी विचारीत नाही.

बाजारात तोटा पैशांचा होतो. नोकरीत तो आयुष्यभर पुरतो. नव्या जागी गेलेल्या उमेदवाराला ‘आधी पगार किती होता?’ असे विचारले जाते. जिला पहिल्या जागी केवळ स्त्री म्हणून कमी दिले गेले, तिचा दुसऱ्या जागेचा पगार त्या पहिल्या आकड्यावरून ठरतो, तिसऱ्या जागेचा दुसऱ्यावरून. नवा मालक पक्षपाती असलाच पाहिजे असे नाही. तो ‘चांगली वाढ दिली’ असेच मानत असतो. एकदा झालेला अन्याय अशा रीतीने कोणाच्याही दुष्टाव्यावाचून पुढे चालत राहतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून, पगार देऊ करण्यापूर्वी उमेदवाराचा जुना पगार विचारण्यास मालकांना मनाई केली, ती याचसाठी. नांगर तोडता येत नसेल तर तो टाकूच द्यावयाचा नाही, हे त्या कायद्यातले तत्त्व.

मग आपण करावे तरी काय? ‘सावध राहा’ हा उपदेश येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९९६ साली टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधीच बजावून ठेवले की दिलेल्या आकड्याचा तुमच्यावर परिणाम होईल, तो होऊ देऊ नका. तरी परिणाम झालाच. साखळी आहे हे कळल्याने ती तुटत नाही. मात्र काही साधे उपाय आहेत, आणि ते इच्छाशक्तीपेक्षा रीतीवर अवलंबून आहेत.

पहिला उपाय, दुसऱ्याचा आकडा ऐकण्यापूर्वी आपला आकडा ठरवून कागदावर लिहून ठेवणे. घर, जमीन, गाडी, लग्नाचा खर्च, काहीही असो. आधी लिहिलेला आकडा हा आपण स्वतः निवडलेल्या जागी टाकलेला नांगर होय. दुसरा उपाय, समोरच्या आकड्याविरुद्ध मुद्दाम कारणे शोधणे. जर्मनीत मोटारींचे जाणकार लोक एका जुन्या गाडीची किंमत करीत असता, काहींना गाडीवाल्याचा स्वतःचा अंदाज २,८०० मार्क सांगितला गेला, काहींना ५,०००. दोन्ही गटांच्या अंदाजांत सुमारे एक हजार मार्कांचे अंतर पडले. परंतु जेथे ‘या किमतीविरुद्ध काय म्हणता येईल?’ असे आधी विचारले, तेथे ते अंतर साडेतीनशेच्या आसपास उतरले. ‘मी निःपक्षपाती आहे’ असे स्वतःला बजावण्याने जे झाले नसते ते एका नेमक्या प्रश्नाने झाले, कारण त्याने दुसऱ्या बाजूच्या साक्षीदारांना दरबारात बोलाविले.

तिसरा उपाय चार माणसांनी मिळून करावयाचा आहे. मोहोरबंद निविदांची जुनी रीत पाहा. एकाचा आकडा दुसऱ्याला दिसू नये ही त्यातली मुख्य काळजी. तीच काळजी इतरत्रही घेता येईल. उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा तपासावयास द्यावयाची असेल तर पहिल्या परीक्षकाने दिलेले गुण झाकून द्यावेत. नाहीतर दुसरा परीक्षक पेपर तपासत नाही, पहिल्याचे गुण तपासतो. संस्थेच्या सभेत खर्चाचा अंदाज करावयाचा असेल तर अध्यक्षांनी आपला आकडा आधी सांगू नये. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे आणि मग चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. वडीलधाऱ्यांनी आधी बोलण्याचा आपल्याकडील शिष्टाचार इतर बाबतींत शोभून दिसतो. अंदाजाच्या बाबतीत त्यांनी शेवटी बोलावे, यातच सर्वांचे हित आहे.

आणि जेथे समोरचा मनुष्य मुद्दामच अवास्तव आकडा फेकतो, तेथे त्या आकड्यावरून घासाघीस सुरू न करणे, हाच उत्तम मार्ग. ‘या आकड्यापासून बोलणे होऊ शकत नाही, नव्याने आरंभ करू’ असे सौम्यपणे सांगून उठावे. त्याच्यापासून कमी करीत जाणे म्हणजे त्याची साखळी आपल्या हाताने मोजणे होय.

श्रोतेहो, आजपासून आठ दिवस एवढेच करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. कोणताही भाव, पगार, गुण वा वर्गणी ठरविताना क्षणभर थांबून विचारावे की हा आकडा प्रथम कोणी उच्चारला, आणि त्याला तो कोठून मिळाला होता? पुष्कळदा उत्तर समाधानकारक असेल, आणि मग तो आकडा खुशाल मानावा. परंतु दहातल्या एखाद्या वेळी त्यामागे जत्रेतल्या चक्रापलीकडे काहीच नाही असे दिसून येईल. त्या एका वेळी कोणाची तरी मजुरी, कोणाचे तरी गुण किंवा कोणाच्या तरी शिक्षेचे महिने योग्य ठरतील.